विष्णुबुवांची गायनशाळा

कुरुंदवाडचे कीर्तनकार दिगंबरबुवा पलुसकर यांचे पोटी १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णूचा जन्म झाला. बालपणीच तोंडाजवळ फटाका उडाला नि डोळे जवळजवळ गेले. पोथी-पुस्तकाची वाट बंद झाली. पण कीर्तनकाराचे घर ते, सूर कानी होताच. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे चरणी त्यांनी विद्या घेतली. तेव्हा गाणे शिकायचे म्हणजे गुरुघरी राबायचे; गुरूची मर्जी लागेल तेव्हा एखादी चीज पदरात पडायची.

१८९६ त बुवांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वरलेखन, परीक्षा! गाण्याला शाळा ही कल्पनाच लोकांना नवी. १९०८ त मुंबईसही शाळा उघडली.

आमच्या खडवलीत भातसेकाठी कीर्तन आटोपले की एखादा बाप हमखास विचारतो, बुवा, पोरगी विशारद झाली की गायिका होईल ना? त्याला आम्ही विष्णुबुवांच्या शाळेतली गोम सांगतो. शाळेत दोन पंगती होत्या. एक फी भरून तासाला येणाऱ्यांची. त्यातून समजून ऐकणारे श्रोते तयार झाले, नि कुलीन घरांतून गाण्याला मान मिळाला. हे काय थोडे झाले? दुसरी उपदेशकांची. ही मुले बुवांपाशीच राहात, जेवत, पहाटे उठून गळा घोटत, प्रवासात तंबोरा घेऊन मागे बसत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास हे मैफली गाजविणारे गवई या दुसऱ्या पंगतीतले. म्हणजे शाळेच्या भिंतीआड बुवांनी गुरुकुलच राखले होते! अभ्यासक्रमाने वाट दाखविली, गवई घडविला तो सहवासाने, असे आमचे मत.

पुढे कर्जापायी मुंबईची इमारत लिलावात गेली. बुवा नाशकास रामनामात रमले, रामायण गाऊन सांगू लागले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांनी देह ठेविला. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले; गावोगावी मुले देतात त्या प्रारंभिक ते अलंकार परीक्षा त्याच मंडळाच्या.

चिरंजीव दत्तात्रेय तेव्हा अवघे दहा वर्षांचे. बापाची गायकी त्यांना विनायकबुवांनी व नारायणरावांनी शिकविली. मोठे नाव झाले, आणि १९५५ त चौतिसाव्या वर्षी तेही गेले.