रुग्णशय्येपाशी श्रीशारदादेवी

दीर्घ दुखण्याने अंथरुणास खिळलेल्या पतीची वा पत्नीची शुश्रूषा करण्याचा प्रसंग पुष्कळ घरांवर येतो. औषधांचा गुण येईनासा झाला, की सेवा करणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो: माणूस राहणारच नसेल, तर या कष्टांचा उपयोग काय? या प्रश्नास धरूनच, श्रीरामकृष्ण परमहंसांच्या सहधर्मचारिणी श्रीशारदादेवी यांच्या चरित्रातील एका वर्षाची हकीकत आम्ही येथे सादर करीत आहोत.

शारदादेवींचा जन्म बंगालमधील जयरामबाटी या खेड्यात २२ डिसेंबर १८५३ रोजी झाला. १८५९ साली त्यांचा विवाह झाला व १८७२ साली त्या दक्षिणेश्वरास पतीकडे आल्या. तेथील नौबतखान्याच्या लहानशा खोलीत राहून त्या पतीसाठी स्वयंपाक करीत.

१८८५ साली श्रीरामकृष्णांना गळ्याचे दुखणे जडले. तो कर्करोग होता. उपचारांसाठी त्यांना कलकत्त्यास आणून ऑक्टोबरात श्यामपुकुर भागातील भाड्याच्या घरात ठेवण्यात आले. डॉक्टर महेंद्रलाल सरकार औषध देत. परंतु पथ्याचे अन्न कोणाच्या हातून नीट होईना. त्या घरात स्त्रियांसाठी वेगळा भाग नव्हता, स्नानाची जागाही सर्वांस मिळून एकच. शारदादेवी अत्यंत संकोची स्वभावाच्या, तेव्हा त्या येतील की नाही अशी भक्तमंडळींस शंका होती. निरोप पोचताच त्या आल्या.

पहाटे तीनच्या आत स्नान उरकून त्या गच्चीच्या दारापाशी असलेल्या चारेक हात लांबरुंद जागेत जात व दिवसभर तेथेच पथ्य रांधीत. अन्न तयार झाल्याची वर्दी गेली व मंडळी बाजूस झाली, की स्वतः खाली येऊन पतीस भरवीत. रात्री अकरानंतर दोन-तीन तास काय ती निद्रा. त्या घरी नित्य येणाऱ्या कित्येकांस त्या तेथे राहतात हे ठाऊकही नव्हते.

११ डिसेंबर १८८५ रोजी बिऱ्हाड काशीपूरच्या बागेतील घरी हलले. नरेंद्र, म्हणजे पुढील काळातील स्वामी विवेकानंद, आणि इतर तरुण शिष्य पाळीपाळीने रात्रंदिवस जागत. पथ्याचा भार शारदादेवींवर होता. गोगलगायींचा रस्सा देण्याचे ठरले, तेव्हा जिवंत जीव मारणे त्यांच्या जिवावर आले. पण पतीच्या सांगण्यावरून त्यांनी तेही केले. एकदा अडीच शेर दुधाचे भांडे घेऊन जिना चढताना त्या पडल्या व पाय दुखावला. तीन दिवस त्यांना वर जाता येईना, तेव्हा भरविण्याचे काम इतरांनी सांभाळले.

दुखणे वाढतच गेले. अखेर शारदादेवी तारकेश्वरी जाऊन महादेवापुढे पतीच्या आरोग्यासाठी निराहार, निर्जल पडून राहिल्या. दोन दिवस गेले. रात्री मडकी फुटावीत तसा आवाज होऊन त्या दचकल्या. आणि या जगात कोण कोणाचा, असा विचार मनात येऊन त्यांचा हट्ट गळून पडला. अंधारात चाचपडत त्यांनी देवळामागील कुंडातले पाणी तोंडास लावले व दुसऱ्या दिवशी त्या काशीपूरला परतल्या.

परतल्यावर त्यांनी काय केले, हे आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी पुन्हा चूल पेटविली. मागणे संपले होते, सेवा संपली नव्हती. रोग हटणार नव्हता, तरी भुकेल्या व शिणलेल्या देहास दोन घास सुखाने उतरावेत एवढे काम उरलेच होते. अखेरच्या दिवशीही त्या चुलीपाशीच होत्या. मुलांसाठी शिजत घातलेली खिचडी त्या दिवशी करपल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्याच रात्री, १६ ऑगस्ट १८८६ रोजी एकच्या सुमारास, श्रीरामकृष्णांनी देह ठेवला. शारदादेवी त्यानंतर ३४ वर्षे असंख्य जणांच्या माता होऊन राहिल्या. २० जुलै १९२० रोजी कलकत्त्यास त्यांचे देहावसान झाले.

आपल्या मंडळातील ज्या घरी आज अशी शय्या असेल, तेथील सेवा करणाऱ्या हातांस आम्ही नमस्कार करतो. आप्तेष्टांस मात्र आमची एक विनंती आहे. काशीपूरला रात्रीच्या पाळ्या वाटलेल्या होत्या. आपणही एखादी रात्र मागून घ्यावी.