आकाशातला वीर : इव्हान कोझेदूब

बालमित्रांनो, ९ सप्टेंबर १९४२ रोजी आपल्या नंदुरबारात बालवीर शिरीषकुमार हुतात्मा झाला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. त्याच साली दूर सोव्हिएत देशात मोठी लढाई पेटली होती. हिटलरची फौज त्या देशात शिरली होती. त्या लढाईत नाव काढलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाची ही गोष्ट.

इव्हान कोझेदूब याचा जन्म ८ जून १९२० रोजी युक्रेनमधल्या ओब्राझियेवका या खेड्यात झाला. घरची फार गरिबी. पाच भावंडांत तो धाकटा. लहानपणापासून त्याला चित्रे काढायचा भारी नाद. पुढे शोस्तका गावी शिकायला गेला आणि तिथेच विमान चालवायला शिकला. इतका हुशार निघाला, की लष्करी शाळेने त्यालाच शिक्षक नेमले. पण त्याचे मन काही लागेना. मला लढाईवर पाठवा, असे तो सारखे मागत राहिला. शेवटी मार्च १९४३ मध्ये तो आघाडीवर गेला.

तिकडे हिवाळ्यात जिकडे तिकडे बर्फच बर्फ. हिरवे विमान बर्फावर लांबूनही दिसायचे. म्हणून थंडीत विमानांना पांढरा रंग फासत. आपण दिवाळीला भिंतींना चुना देतो ना, अगदी तसा! बर्फ वितळले की तो धुऊन काढत. विमानाच्या अंगावर लाल ताराही असे. त्यावरून आपले विमान आपल्या लोकांना ओळखू यावे.

तरीसुद्धा इव्हानच्या पहिल्याच झुंजीत घोटाळा झाला. २६ मार्चला शत्रूच्या गोळ्या त्याच्या विमानाला लागल्या. परत येताना तर आपल्याच तोफांनी त्याच्यावर मारा केला. विमानाची चाळण झाली, पण पठ्ठ्याने ते खाली उतरवलेच. इथे लहानपणीचा नाद कामी आला. शत्रूची विमाने लांबून कशी दिसतात, याची चित्रे तो वहीत काढू लागला. ६ जुलै १९४३ रोजी कुर्स्कच्या लढाईत त्याने पहिले विमान पाडले.

मे १९४४ मध्ये त्याला नवे विमान मिळाले. ते कोणी दिले, माहीत आहे? वासिली कोनेव नावाच्या, मधमाश्या पाळणाऱ्या एका खेडुताने! आयुष्यभराची पुंजी त्याने विमानासाठी दिली होती. विमानाच्या एका बाजूला त्याचे नाव होते. दुसऱ्या बाजूला लढाईत मरण पावलेल्या कोनेव याच आडनावाच्या शूर वैमानिकाचे नाव होते. त्या कष्टाच्या पैशाची इव्हानला फार जाण होती. त्या विमानातून त्याने शत्रूची आठ विमाने पाडली.

लढाई संपली तेव्हा हा आकडा ६२ वर गेला होता. त्याचे स्वतःचे विमान मात्र शत्रूला एकदाही पाडता आले नाही. देशाने तीन वेळा ‘वीर’ पदवी देऊन त्याचा गौरव केला. ८ ऑगस्ट १९९१ रोजी तो वारला. त्याचे शेवटचे, २७ क्रमांकाचे विमान मॉस्कोजवळच्या मोनिनो येथील संग्रहालयात आहे.

मुलांनो, वीर एकटा लढत नसतो. त्याच्या पाठीशी गावचा कष्टकरीही उभा असतो, हे विसरू नका.