फायरबॉल रॉबर्ट्स आणि पेट्रोलची टाकी

आपल्या मराठवाड्यात शर्यत म्हटली की आधी शंकरपट आठवतो. धुरळा, आरोळ्या आणि जिवाच्या आकांताने धावणारी बैलजोडी! मोटारींची शर्यत मात्र आपण टीव्हीवरच बघतो. होस्टेलच्या कॉमन रूममध्ये फॉर्म्युला वनवर तावातावाने बोलणारे बरेच आहेत, पण फायरबॉल रॉबर्ट्स हे नाव त्यांच्यातल्या फारच थोड्यांना माहीत असेल. आज शर्यतीच्या गाडीत जी खास इंधनटाकी बसवतात, तिच्यामागे ज्या मरणांचा इतिहास आहे त्यात याचं नाव फार वरचं. शिवाय गडी आपल्याच ब्रँचचा, म्हणजे मेकॅनिकलचा!

त्याचं खरं नाव एडवर्ड ग्लेन रॉबर्ट्स. जन्म २० जानेवारी १९२९, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात. फायरबॉल हे टोपणनाव ऐकून वाटतं की आगीवरून पडलं असेल. पण तसं नाही. पोरवयात तो बेसबॉल खेळायचा आणि आपल्याकडच्या एखाद्या फास्ट बॉलरसारखा तुफान चेंडू फेकायचा, म्हणून फायरबॉल. पुढे नशिबाने या नावाची किती क्रूर थट्टा केली ते येईलच.

१९४५ मध्ये तो सैन्याच्या हवाई दलात भरती झाला, पण दम्यामुळे तीन महिन्यांतच घरी परतला. हा दमा लक्षात ठेवा, शेवटी तो पुन्हा येणार आहे. मग फ्लोरिडा विद्यापीठात इंजिनिअरिंग सुरू झालं. आठवडाभर लेक्चर आणि शनिवार-रविवार मातीच्या ट्रॅकवर शर्यती! शेवटी पुस्तकं मागे पडली आणि स्टिअरिंग हातात राहिलं.

तो ज्या शर्यतींत उतरायचा त्या स्टॉक कारच्या. म्हणजे शोरूममध्ये मिळणारी, चार माणसांचं कुटुंब घेऊन जाणारी मोठी कार घ्यायची, आतल्या सीट काढायच्या, लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करायचा, इंजिन तयार करायचं आणि ट्रॅकवर सोडायची. १९५० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो वर्षाच्या गुणतक्त्यात दुसरा आला. १९५८ आणि १९६३ मध्ये सदर्न ५०० जिंकली. १९६२ ची डेटोना ५०० त्याने ताशी सुमारे २४५ किलोमीटरच्या सरासरीने मारली. एकूण ३३ मोठे विजय त्याच्या नावावर आहेत.

आता मुद्द्याचं. या गाड्यांचं इंजिन बदललं, सस्पेन्शन बदललं, टायर बदलले. पेट्रोलची टाकी मात्र तशीच साधी पत्र्याची राहिली, मागच्या बाजूला टांगलेली. वेग दुप्पट झाला आणि टाकी होती तिथेच! वेगाचं बक्षीस लगेच मिळतं, टाकीकडे मात्र ती फुटेपर्यंत कुणी बघत नाही.

२४ मे १९६४. शार्लटची वर्ल्ड ६०० शर्यत. एकूण फेऱ्या ४००. सातव्याच फेरीत ज्युनियर जॉन्सन आणि नेड जॅरेट यांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यांना चुकवताना रॉबर्ट्सची फोर्ड भिंतीवर गेली, उलटली आणि पेटली. शर्यत नुकतीच सुरू झालेली, म्हणजे पेट्रोल जवळजवळ पूर्ण. जॅरेटने स्वतःच्या अपघातातून उतरून धावत जाऊन त्याला ओढून काढलं. तोवर तो भयंकर भाजला होता.

त्या काळी ड्रायव्हर सुती कपडे आग लवकर धरू नये म्हणून रसायनात बुडवून घालायचे. पण त्या वासाने रॉबर्ट्सचा दमा उसळायचा, म्हणून तो तसे कपडे टाळायचा असं सांगतात. एकोणचाळीस दिवस हॉस्पिटलमध्ये झुंज दिल्यावर २ जुलै १९६४ ला तो गेला. वय अवघं पस्तीस. त्याच्या अपघातानंतर सहाच दिवसांनी इंडियानापोलिसच्या शर्यतीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोघे आगीतच गेले. मग मात्र सगळे खडबडून जागे झाले.

विमानांत गोळी लागली तरी गळू नयेत म्हणून रबरी अस्तराच्या टाक्या वापरत. तीच कल्पना शर्यतीच्या गाडीत आली. यालाच फ्युएल सेल म्हणतात. (हायड्रोजनवर वीज करणारा फ्युएल सेल वेगळा, व्हायवात गोंधळ करू नका!) बाहेर धातूचा डबा, आत रबर चढवलेल्या मजबूत कापडाची पिशवी आणि पिशवीत स्पंजासारखा फोम. आपटल्यावर पत्रा फाटतो, पण पिशवी चेपते आणि आकार बदलते. फोममुळे पेट्रोल डचमळत नाही आणि ज्वाला आत पसरायला अडते.

सेडानमध्ये हे बसवायचं तर डिकीचा तळ कापून, दोन्ही मागच्या चाकांच्या मधोमध स्टीलची चौकट वेल्ड करतात आणि डबा पट्ट्यांनी आवळतात. टाकी आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये धातूची सलग भिंत हवीच. हवा जाण्याची नळी गाडीबाहेर काढून तिला असा व्हॉल्व्ह लावतात की गाडी उलटली तर तो आपोआप बंद होईल. यातला एक तुकडा जरी राहिला तरी बाकीचा खर्च पाण्यात! पिशवीलाही वय असतं. आंतरराष्ट्रीय नियमांत ते साधारण पाच वर्षं धरतात. आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. आपल्या जिल्ह्यातले लोक ज्या उसावर कोयता चालवतात, त्यातूनच निघणारं इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळतात. त्यामुळे पिशवी, फोम आणि नळ्या अल्कोहोल सोसणाऱ्याच घ्याव्या लागतात.

कुणी म्हणेल, बीडला कुठे ट्रॅक आहे? बरोबर आहे. पण १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली बस बुलढाणा जिल्ह्यात उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी गेले. आपल्यापैकी कितीतरी जण सुट्टीत अशाच रात्रीच्या बसने घरी जातात. उलटलेल्या गाडीतलं इंधन कुठे जाणार, हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे.

रॉबर्ट्सला २०१४ मध्ये नासकारच्या हॉल ऑफ फेममध्ये मानाची जागा मिळाली. पण मला वाटतं त्याचं खरं स्मारक डिकीत असतं, प्रेक्षकांना कधीच न दिसणारं. उद्या आपल्यातलं कुणी गाडी डिझाइन करायला बसेल तेव्हा हॉर्सपॉवरचा आकडा नंतर लिहा. आधी कागदावर टाकी काढा, आणि ती उलटी करून बघा.