जितवारपूरच्या सीतादेवी

बँकेच्या नोकरीत माझ्या हाताखालून कर्जाची किती प्रकरणे गेली, याची गणती नाही. पहिला प्रश्न ठरलेला असे, तारण काय? १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमधल्या मधुबनीजवळच्या जितवारपूरने कर्ज मागितले असते, तर त्या रकान्यात काय भरले असते? पिके करपलेली, कणग्या रिकाम्या. उरल्या होत्या मातीच्या भिंती आणि त्या रंगवणाऱ्या बायका. त्यांतल्याच एक सीतादेवी.

त्यांचा जन्म १९१४ चा. घर महापात्र ब्राह्मणांचे. हे लोक मृताचे विधी करणारे. आपल्याकडच्या किरवंतांसारखेच, ब्राह्मण असूनही इतर ब्राह्मणांनी कमी लेखलेले.

मिथिला म्हणजे रामायणातल्या सीतेचे माहेर. तिथे लग्नघरी वधूवरांच्या खोलीच्या, म्हणजे कोहबराच्या, भिंतींवर बायका कमळ, बांबू, मासे, पोपट रंगवतात. काजळीचा काळा, हळदीचा पिवळा, आणि कुंचला म्हणजे बांबूच्या काडीला गुंडाळलेला कापूस. आईकडून लेकीकडे आलेली ही विद्या. तिचे कोणी दाम मोजावेत, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. १९३४ च्या भूकंपात घरे पडली, तेव्हा आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आतल्या भिंती दिसल्या. १९४९ मध्ये त्याने 'मार्ग' या नियतकालिकात त्यांवर लेखही लिहिला. त्याने गावात चूल काही पेटली नाही.

दुष्काळात मात्र हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईहून भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला तिकडे धाडले. दुष्काळी काम म्हणजे खडी फोडणे, रस्त्यावर माती टाकणे. ७२ साली आपणही ते पाहिले. कुलकर्ण्यांनी बायकांपुढे कागद ठेवले. भिंतीवर काढता तेच यावर काढा आणि पैसे घ्या, एवढीच योजना! पण परक्या पुरुषाच्या हातून कागद घेणे, मंगलकार्याचे चित्र बाजारात पाठवणे, हे पडद्यातल्या बाईला किती जड गेले असेल! कादंबरी लिहिणारी बाई म्हणून माझे मन तिथेच घुटमळते.

सीतादेवी पुढे आल्या. वयाची पन्नाशी उलटलेली होती. त्यांची शैली 'भरणी', दाट रंगांनी आकार भरून काढणारी. १९७५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९७६ मध्ये थेट अमेरिकेतला लोककला महोत्सव, १९८१ मध्ये पद्मश्री.

मला मोठे वाटते ते वेगळेच. मिळालेले नाव त्यांनी गावासाठी खर्चले. शाळा झाली, पक्का रस्ता आला, त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. गावातल्या बायकांना त्यांनी जात न बघता शिकवले. ज्यांच्या घराण्याला वरच्या जातींनी कमी लेखले, त्या बाईने हे केले! पुढे दुसाध या दलित समाजातल्या बायकांनीही अंगावरच्या गोंदणाच्या नक्षीतून आपली स्वतंत्र शैली उभी केली. बाईच्या हाती स्वतःची रोकड आली की घरच्या पुरुषांचा सूर कसा बदलतो, हे मी काउंटरच्या आतून पुष्कळदा पाहिले आहे.

सगळेच गोड झाले, असे म्हणता येणार नाही. नफ्यातला मोठा वाटा दलालांनी खाल्ला, मागणीपोटी साचेबंद चित्रांचे गठ्ठेही निघाले. पण त्यापायी कागद हाती दिलाच नसता तर बरे, असे म्हणायला मी तयार नाही.

कुलकर्णी पुढे आपल्या डहाणूच्या वारली पाड्यांवर पोचले. लग्नाचा चौक तिथेही बायकाच लिहीत. त्यांनी जिव्या सोमा मशे यांच्या हाती कागद दिला, हे आपल्याला ठाऊक आहेच. १९८३ मध्ये कुलकर्णी गेले, २००५ मध्ये सीतादेवी. जितवारपूरला पहिली पद्मश्री १९७५ मध्ये जगदंबादेवींना मिळाली होती. २०१७ मध्ये बौआदेवींना मिळाली, ती गावातली तिसरी.