विकेट चालतात, कप चालत नाही

एखाद्या स्पिनरने मॅच फिरवली की तुम्ही त्याच्या नावाने ओरडता, स्टेटसला त्याचा फोटो ठेवता. आता जरा डोळ्यांसमोर आणा: तोच बोलर चहाच्या वेळी पॅव्हेलियनच्या बाहेर उभा आहे. बाकी टीम आत कपाने चहा पितेय आणि त्याच्या हातात मातीचं भांडं, पिऊन झालं की फेकून द्यायचं. हे घडलंय, आणि तेही आपल्या पुण्यात.

त्या बोलरचं नाव पालवणकर बाळू. जन्म १८७६ चा, धारवाडमधला. घराणं चांभार समाजातलं. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे मुलं पुण्यात वाढली. बाळू आधी पारशांच्या क्रिकेट क्लबवर पिच झाडायचा, रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. मग ४ रुपयांवर तो इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये गेला. नेट लावायचं, पिच आखायचं आणि साहेबांना बोलिंग टाकायची. ग्रेग हा तिथला भारी बॅट्समन. त्याला आउट केलं की बाळूला आठ आणे मिळायचे, असं सांगतात. त्याची डावखुरी स्पिन अशी तासन् तास टाकून तयार झाली. बॅटिंग मात्र त्याला कुणी दिली नाही.

पुण्यातल्या हिंदू टीमला इंग्रजांना हरवायचं होतं. बाळूला घ्यायचं की नाही, यावर बराच खल झाला. शेवटी घेतलं. त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घ्यायचे. जेवायला मात्र त्याचं ताट वेगळं.

पुढे बाळू मुंबईला गेले. तेव्हा तिथे टीम धर्मावर ठरायच्या. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्या टीममध्ये बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात आपली टीम बहुतेक मॅच हरली, पण बाळूंनी ११४ विकेट काढल्या! विद्यार्थिदशेतल्या आंबेडकरांचे ते हिरो होते. तरीही हिंदू टीमचं कप्तानपद त्यांना मिळालंच नाही. ते मिळालं धाकट्या विठ्ठलला, १९२३ मध्ये.

१९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५५ मध्ये ते गेले.

मग आज हे नाव आपल्याला माहीत का नाही? भारत पहिली टेस्ट खेळला १९३२ मध्ये. तोवर बाळूंचे खेळायचे दिवस संपले होते. फर्स्ट क्लासच्या ३३ मॅचमध्ये १७९ विकेट, सरासरी १५ च्या आसपास. पण टेस्टच्या यादीत नाव नाही आणि बघायला व्हिडिओही नाही.

तुमच्या कॉलेजच्या ग्राउंडवरही पिचवर पाणी मारणारा, नेट लावणारा एखादा मुलगा असेल. पुढच्या वेळी त्याला फक्त बोलिंगला बोलावू नका. बॅटही द्या. आणि नंतरचा चहा एकत्रच घ्या.