विश्लेषण : मुले परभाषिक, परधर्मीय घरात मुक्कामाला का? बालआनंद महोत्सवामागची साने गुरुजींची कल्पना काय होती?

वेगवेगळ्या राज्यांतील मुले एका गावात जमतात. त्यांचा मुक्काम मात्र शाळेत किंवा मंगल कार्यालयात नसतो. गावातील कुटुंबे त्यांना काही दिवस आपल्या घरी ठेवून घेतात. ते घर शक्यतो वेगळ्या भाषेचे, वेगळ्या धर्माचे असते. ‘आंतरभारती’च्या बालआनंद महोत्सवांची ही पद्धत. ज्येष्ठ गांधीवादी एस. एन. सुब्बाराव तथा भाईजी यांनी मुलांचे असे मेळावे भरवले. ‘आंतरभारती’ची कल्पना मात्र साने गुरुजींची.

गुरुजी मुलांपर्यंत कसे पोहोचले?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारी आल्यावर मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलांची शुश्रूषा करणे ही कामे ते स्वतः करत. मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ ते हाताने लिहून काढत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले.

तुरुंगात काय घडले?

शिक्षा भोगण्यासाठी त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पाठवण्यात आले. तिथे दक्षिणेकडील अनेक भाषांचे सत्याग्रही होते. लढा एकच, पण एकमेकांचे बोलणे समजत नाही, ही खंत गुरुजींच्या मनात घर करून राहिली. ते तमिळ शिकू लागले आणि तिरुवल्लुवरांचा ‘कुरळ’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. त्यांनी ‘भारतीय संस्कृती’ लिहिले, तसेच ‘इस्लामी संस्कृती’ही लिहिले.

पंढरपूरचे उपोषण कशासाठी?

अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना विठ्ठल मंदिरात प्रवेश नव्हता. जो देश देवासमोरही आपल्याच माणसांना दूर ठेवतो, त्याच्या स्वातंत्र्याला अर्थ काय, ही गुरुजींची वेदना होती. आधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून जनमत तयार केले. मे १९४७ मध्ये ते पंढरपुरात उपोषणाला बसले. मंदिर सर्वांसाठी खुले करण्याचे मान्य झाल्यावरच ते सुटले. पुढच्याच वर्षी गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले.

‘आंतरभारती’ म्हणजे नेमके काय?

भारतातील वेगवेगळ्या प्रांतांच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, साहित्य आणि चालीरीती समजून घ्याव्यात, अशी ही कल्पना. रवींद्रनाथांची ‘विश्वभारती’ त्यांच्या डोळ्यांसमोर होती. १९४९ मध्ये पुण्यात झालेल्या साहित्य संमेलनात त्यांनी ती मांडली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकातूनही ते हाच विचार सांगत होते.

स्वप्नाचे पुढे काय झाले?

गुरुजींच्या हयातीत हे स्वप्न साकार झाले नाही. मनाने खचलेल्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी मुंबईत स्वतःची जीवनयात्रा संपवली. तेव्हा ते अवघे ५० वर्षांचे होते. त्यांच्या निधनानंतर सहकाऱ्यांनी आणि तरुणांनी ‘आंतरभारती’चे काम पुढे नेले. बालआनंद महोत्सव हा त्याचाच एक भाग.

चार-सहा दिवसांत कोणी नवी भाषा शिकत नाही, हे खरे. गुरुजींना हवी होती ती वर्षानुवर्षे चालणारी मेहनत. पण परक्या घरात त्या घरचे जेवण जेवलेले, तिथल्या प्रार्थनेच्या वेळी शांत बसलेले मूल परत जाते, तेव्हा ‘ते लोक’ म्हणताना त्याला निदान एका काकूंचा चेहरा आठवतो. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात गुरुजींना जी ओळख तिशीत झाली, ती मुलांना शाळेच्या वयातच व्हावी, यासाठी हा मुक्काम.