योहान योर्ट

योहान योर्ट (१८ फेब्रुवारी, १८६९ – ७ ऑक्टोबर, १९४८) हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ, समुद्रवैज्ञानिक आणि आधुनिक मत्स्यविज्ञानाच्या संस्थापकांपैकी एक होते. समुद्रातील माशांची संख्या वर्षागणिक का कमी-अधिक होते, या प्रश्नाची पहिली सुसंगत शास्त्रीय मांडणी त्यांनी १९१४ मध्ये केली. आंतरराष्ट्रीय समुद्रसंशोधन परिषदेच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता. परदेशी अभ्यासाच्या संधींमुळे त्यांची स्वतःची कारकीर्द घडली. पुढे तशाच संधी इतर देशांतील तरुण संशोधकांना मिळाव्यात यासाठी त्यांनी काम केले. मासे राष्ट्रांच्या सीमा ओलांडतात, तेव्हा त्यांच्या अभ्यासकांनीही त्या ओलांडल्या पाहिजेत, हे सूत्र त्यांच्या कार्यात सर्वत्र आढळते.

जन्म आणि शिक्षण

योर्ट यांचा जन्म ख्रिस्तियानिया (आताचे ऑस्लो) येथे झाला. त्यांचे वडील नेत्रवैद्यकाचे प्राध्यापक होते. लहानपणापासून प्राणिशास्त्राची ओढ असूनही वडिलांच्या इच्छेखातर योर्ट यांनी वैद्यकीय शिक्षणाला प्रारंभ केला. मात्र पुढे ध्रुवप्रदेशाचे संशोधक म्हणून कीर्ती मिळवणाऱ्या फ्रिट्यॉफ नानसेन यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी वैद्यक सोडले आणि जर्मनीतील म्युनिक विद्यापीठात रिचर्ड हेर्टविग यांच्याकडे प्राणिशास्त्राचा अभ्यास सुरू केला. १८९२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांना डॉक्टरेट मिळाली.

याच काळात त्यांनी इटलीतील नेपल्सच्या सागरी प्राणिशास्त्र केंद्रात भ्रूणविज्ञानाचे संशोधन केले. जर्मन शास्त्रज्ञ आन्टोन डोर्न यांनी १८७० च्या दशकात स्थापन केलेल्या या केंद्राची व्यवस्था वैशिष्ट्यपूर्ण होती. निरनिराळ्या देशांची सरकारे, विद्यापीठे आणि शास्त्रीय संस्था तेथील कामाची टेबले वार्षिक भाड्याने घेत आणि आपल्या संशोधकांना तेथे पाठवत. टेबलासोबत पाण्याच्या टाक्या, रसायने व अभ्यासासाठी लागणारे ताजे सागरी जीव मिळत. ज्यांच्याकडे स्वतःची प्रयोगशाळा नव्हती अशा तरुणांना यामुळे परदेशी जाऊन संशोधन करता येई, आणि एकाच दालनात अनेक देशांच्या अभ्यासकांशी त्यांचा परिचय होई. आज तरुण शास्त्रज्ञांना परदेशी परिषदांसाठी ज्या प्रवासवृत्ती दिल्या जातात, त्यांच्यामागील विचाराचे एक जुने रूप म्हणून या व्यवस्थेकडे पाहता येते.

मत्स्यसंशोधनाकडे

मायदेशी परतल्यावर योर्ट यांनी विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात अभिरक्षक म्हणून काम केले. १८९० च्या दशकात गेओर्ग ओसियन सार्स यांच्यानंतर मत्स्यसंशोधनासाठीची सरकारी अभ्यासवृत्ती त्यांच्याकडे आली. नव्या संशोधनपद्धती शिकण्यासाठी ते जर्मनीतील येना विद्यापीठातही जाऊन आले. १८९७ मध्ये ड्रोबाक येथील जीवशास्त्रीय केंद्राचे ते संचालक झाले.

त्या काळी नॉर्वेच्या किनाऱ्यावरील हजारो कुटुंबांची उपजीविका कॉड आणि हेरिंग या माशांवर अवलंबून होती. एखाद्या वर्षी जाळी फाटतील इतके मासे मिळत, तर पुढे कित्येक हंगाम होड्या जवळजवळ रिकाम्या परतत. मासे आपला मार्ग बदलतात व दुसरीकडे निघून जातात, असा सर्वसाधारण समज होता. उपाय म्हणून काही ठिकाणी अंडी उबवून पिल्ले समुद्रात सोडली जात. या प्रयत्नांचा खरोखर काही उपयोग होतो का, याची निरीक्षणांच्या आधारे तपासणी करणाऱ्यांत योर्ट अग्रणी होते. खोल पाण्यातील कोळंबी ओढजाळ्याने पकडता येते, हेही त्यांच्या सर्वेक्षणांमुळे नॉर्वेच्या मच्छीमारांच्या ध्यानात आले.

१९०० मध्ये ते बर्गेन येथे सागरी संशोधनाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी 'मिकाएल सार्स' हे संशोधनासाठी मुद्दाम बांधलेले वाफेचे जहाज कामास लागले. १९०६ ते १९१६ या काळात ते मत्स्यव्यवसाय विभागाचे संचालक होते.

आंतरराष्ट्रीय परिषद

समुद्राच्या अभ्यासासाठी राष्ट्रांनी एकत्र यावे, या हेतूने १८९९ मध्ये स्टॉकहोम आणि १९०१ मध्ये ख्रिस्तियानिया येथे पूर्वतयारीच्या परिषदा भरल्या. त्यांतून जुलै १९०२ मध्ये कोपनहेगन येथे आंतरराष्ट्रीय समुद्रसंशोधन परिषद स्थापन झाली. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया, जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्रिटन हे तिचे आरंभीचे सदस्य होते. योर्ट आरंभापासून नॉर्वेचे प्रतिनिधी होते. कॉड व हेरिंग यांच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या समितीचे नेतृत्व त्यांच्याकडे सोपवण्यात आले.

या सहकार्यामुळे तपमान व क्षारता मोजण्याच्या पद्धतींत एकसूत्रता आली. एका देशाच्या जहाजाने घेतलेली निरीक्षणे दुसऱ्या देशाच्या निरीक्षणांशी ताडून पाहणे शक्य झाले.

बर्गेनचे अभ्यासवर्ग

नव्या पद्धती केवळ छापील अहवाल वाचून आत्मसात होत नाहीत. उपकरण हाताळावे लागते, जहाजावर जावे लागते. ही गरज ओळखून १९०३ पासून बर्गेन येथे समुद्रविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय अभ्यासवर्ग भरू लागले. योर्ट यांच्यासह ब्यॉर्न हेलान-हानसेन, हाकोन ग्रान, आडोल्फ आपेलॉफ यांसारखे तज्ज्ञ तेथे शिकवत. युरोपातील अनेक देशांचे तरुण अभ्यासक या वर्गांना आले आणि शिकलेल्या पद्धती आपापल्या देशी घेऊन गेले. पहिल्या महायुद्धाने या देवाणघेवाणीत खंड पाडला.

'मिकाएल सार्स' मोहीम

'चॅलेंजर' मोहिमेत सहभागी झालेले ज्येष्ठ समुद्रवैज्ञानिक जॉन मरे यांनी उत्तर अटलांटिक महासागरातील मोहिमेचा खर्च उचलण्याची तयारी दर्शवली. नॉर्वे सरकारने 'मिकाएल सार्स' हे जहाज व त्यावरील शास्त्रज्ञ उपलब्ध करून दिले. १९१० च्या उन्हाळ्यात ही मोहीम योर्ट यांच्या नेतृत्वाखाली पार पडली. निरनिराळ्या खोलींवर एकाच वेळी जाळी ओढून कोणते जीव कोठे राहतात याची नोंद करण्यात आली, तसेच सूर्यप्रकाश किती खोलवर पोहोचतो याचे मापन झाले. मरे व योर्ट यांनी लिहिलेला या मोहिमेवरील ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पुढे दीर्घकाळ समुद्रविज्ञानाचा आधारग्रंथ ठरला.

माशांच्या संख्येतील चढउतार

झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे हेरिंगच्या खवल्यांवर वाढीची वलये असतात. ती मोजून माशाचे वय ठरवण्याची पद्धत योर्ट व त्यांचे तरुण सहकारी क्नुट डाल आणि आयनार लेआ यांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. जनगणनेत माणसांची वयोगटांनुसार विभागणी करतात, तशीच त्यांनी माशांची केली. दरवर्षी नमुने तपासताना एक विलक्षण गोष्ट समोर आली. १९०४ मध्ये जन्मलेले हेरिंग वर्षानुवर्षे जाळ्यात बहुसंख्येने आढळत होते. १९१० ते १९१४ या प्रत्येक वर्षी प्रजननक्षम हेरिंगच्या नमुन्यांत निम्म्याहून अधिक मासे या एकाच वर्षगटाचे होते.

यावरून १९१४ च्या प्रबंधात योर्ट यांनी प्रतिपादन केले, की मत्स्योत्पादनातील मोठे चढउतार मुख्यतः माशांच्या स्थलांतरामुळे होत नाहीत. एखाद्या वर्षी जन्मलेली किती पिल्ले जगतात यावर ते अवलंबून असतात. पिल्ले का मरतात याची दोन संभाव्य कारणे त्यांनी सुचवली. अंड्यातील पीतकाचा साठा संपताच पिल्लांना योग्य प्लवक मिळाले नाही, तर त्यांची उपासमार होते. किंवा प्रवाह त्यांना जगण्यास अयोग्य अशा पाण्यात वाहून नेतात. पहिली कल्पना 'निर्णायक काळ' या नावाने प्रसिद्ध आहे.

या निष्कर्षांना विरोधही झाला. स्कॉटलंडमधील जीवशास्त्रज्ञ डार्सी थॉम्पसन यांनी खवल्यांवरून वय ठरवण्याच्या पद्धतीविषयी शंका उपस्थित केल्या व लेआ यांनी त्यांचे खंडन केले. आंतरराष्ट्रीय परिषदेच्या व्यासपीठामुळे अशा वादांची चर्चा देशोदेशीच्या तज्ज्ञांसमोर होऊ शकली.

कॅनडातील कार्य

कॅनडाच्या निमंत्रणावरून योर्ट यांनी १९१४-१५ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावरील मत्स्यसर्वेक्षणाचे नेतृत्व केले. युरोपात विकसित झालेल्या समुद्रविज्ञानाच्या पद्धती या मोहिमेमुळे कॅनडात रुजल्या. मोहिमेत काम केलेले आर्चिबाल्ड हंट्समन पुढे कॅनडातील अग्रगण्य मत्स्यवैज्ञानिक झाले.

उत्तरायुष्य

पहिल्या महायुद्धात मत्स्यव्यापाराच्या धोरणावरून सरकारशी मतभेद झाल्याने योर्ट यांनी १९१६ मध्ये संचालकपद सोडले. त्यानंतर काही काळ त्यांनी कोपनहेगन आणि केंब्रिज येथे संशोधन केले. १९२१ मध्ये ते ख्रिस्तियानिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. देवमाशांच्या शिकारीची आकडेवारी व्यवस्थित ठेवण्यासाठी त्यांनी परिश्रम घेतले. १९३३ मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेल्या एका निबंधात, साठा न खालावता जास्तीत जास्त किती शिकार करता येईल या प्रश्नाची त्यांनी गणिती चिकित्सा केली. शाश्वत मासेमारीच्या पुढील विचारांची ही पूर्वपीठिका होती.

१९३८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय समुद्रसंशोधन परिषदेचे अध्यक्ष झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क व नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात गेल्याने परिषदेचे नेहमीचे काम थांबले. युद्धानंतर, सत्तरी ओलांडलेल्या योर्ट यांच्या अध्यक्षतेखाली सदस्यदेशांचे शास्त्रज्ञ पुन्हा एकत्र आले. ७ ऑक्टोबर, १९४८ रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

'निर्णायक काळा'च्या कल्पनेत पुढील संशोधकांनी अनेक भर व दुरुस्त्या केल्या, तरी वर्षगट ही संकल्पना आजही मत्स्यसाठ्यांच्या मूल्यमापनाचा पाया आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तारली व बांगडा यांच्या आवकेत होणारे मोठे चढउतार अभ्यासतानाही, त्या त्या वर्षी किती पिल्ले जगून वाढली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. १९१४ च्या प्रबंधाच्या शताब्दीनिमित्त २०१४ मध्ये बर्गेन येथे आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. नॉर्वेच्या सागरी संशोधन जहाजाला योर्ट यांचे नाव देण्यात आले आहे.

योर्ट यांनी ज्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवले, तिने उत्तर प्रशांत महासागरविषयक संघटनेच्या सहकार्याने खास तरुण सागरवैज्ञानिकांसाठी परिषदा भरवल्या आहेत. त्यांतील पहिली २००७ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झाली. संशोधनाच्या उमेदवारीच्या काळात शास्त्रज्ञाकडे बहुधा कायम पद नसते आणि परदेशप्रवासाचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेर असतो. म्हणून अशा परिषदांसाठी निवडक सहभागींना प्रवासखर्चाचे साहाय्य देण्याची पद्धत रूढ झाली आहे. म्युनिक, नेपल्स आणि येना येथे विद्यार्थीदशेत व उमेदवारीत शिकलेले, कायम पद मिळण्यापूर्वीच आपल्या विषयाला दिशा देऊ लागलेले योर्ट हे या पद्धतीच्या उपयुक्ततेचे एक ठळक ऐतिहासिक उदाहरण मानता येईल.